पहिल्या पाण्याची कॉफी

आमच्या यवतमाळात कॉफी आजाऱ्याला देतात, नाहीतर उपासवाल्याला. धडधाकट माणसानं कॉफी मागितली तर लोक आधी विचारतात, काय झालं, पोट बिघडलं का? मग बाटलीतली पावडर दुधात घालायची, साखर घालायची, वरून जायफळ किसायचं आणि उतू जाऊ न देता उतरवायची. झाली कॉफी. पिणारा पिऊन झोपतो, करणारी कामाला लागते. अशा गावात नलूकाकूंनी अख्खा संसार एका पितळी फिल्टरबरोबर केला. फिल्टर सोपा होता. फिल्टरचे मालक सदाशिवकाका, ते अवघड होते.

नलूकाकू आमच्या भिंतीपलीकडच्या. मी सकाळच्या शाळेत शिकवते, दुपारी घरी असते, आणि दोन घरांमधली भिंत कमरेइतकीच आहे. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते त्यांच्या सख्ख्या बहिणींनाही माहीत नसेल. अंगानं बारीक, बोलणं कमी, डोळे मात्र कायम कुणाची तरी फजिती बघून आल्यासारखे. गल्लीतल्या बायका त्यांना गरीब गाय समजायच्या. मीही समजत होते, सुरुवातीला.

काका टेलिफोन खात्यात होते. लग्नाआधी खात्यानं त्यांना ट्रेनिंगसाठी सहा महिने बंगलोरला पाठवलं. माणसं तिथं आयुष्य काढून येतात आणि गप्प बसतात. काका सहा महिने राहून आले आणि पुढं जन्मभर कालच गाडीतून उतरल्यासारखे बोलत राहिले. येताना त्यांनी हा फिल्टर आणला. हे यंत्र गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. काकांच्या आईला ते पूजेचं काहीतरी वाटलं आणि तिनं त्याला हळदकुंकू लावलं, असं काकू सांगायच्या.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. त्यात पावडर दाबून भरायची, वर उकळतं पाणी ओतायचं आणि गप बसायचं. खालच्या भांड्यात काळाकुट्ट अर्क थेंब थेंब उतरतो. काका त्याला डिकॉक्शन म्हणत, बाकी सगळे पाणी म्हणत. हे पहिलं पाणी. ते काढून घेतलं की त्याच पावडरीवर पुन्हा उकळतं पाणी ओतायचं, ते दुसरं पाणी. रंगाला बरं, चवीला भांडी विसळल्यासारखं.

घरचा नियम असा, की पहिलं पाणी काकांचं आणि आलेल्या पुरुष पाहुण्यांचं, दुसरं पाणी बायकांचं. नियमाला कारणही होतं. पहिलं पाणी बायकांच्या प्रकृतीला झेपत नाही. बाळंतपणं झेपतात, उन्हाळ्यात नळावरून हंडे आणणं झेपतं, काकांच्या आईला सांभाळणं झेपतं, दोन घोट कॉफी मात्र झेपत नाही. मी हे एकदा तोंडावर बोलले, तर काका म्हणाले की बंगलोरला असंच असतं. बंगलोरला जाऊन खात्री करून यायला आमच्यापैकी कुणाला सवड नव्हती.

करायचं सगळं काकूंनी. पावडर किती दाबायची, दूध किती तापवायचं, पेल्यातून वाटीत उंचावरून ओतून फेस कसा आणायचा, हे काका खुर्चीत बसून सांगणार. मग पहिला घोट घेऊन डोळे मिटणार. सगळ्यांनी वाट बघायची. मग ते म्हणत, "बरी आहे." उभ्या संसारात यापुढे शब्द गेला नाही. छान हा शब्द त्यांनी बहुधा बंगलोरसाठी राखून ठेवला होता.

आता एवढी पारखी जीभ, तर तिच्यावर दिवसभर असायचं काय? खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला, आमच्या जिल्ह्याचा लाडका खर्रा. काकांच्या गालात तो सकाळपासून असे. तो फक्त जेवायला आणि कॉफीला बाहेर यायचा. त्या जिभेला भाजीतलं मीठ कळत नसे, पण कॉफीत स्वस्त चिकोरी किती मिसळलीय ते कळे. म्हणजे ते तसं सांगत.

पावडर मागवायची आदिलाबादहून. तिथल्या एका दुकानात बिया दळून देत, आणि तिकडच्या एसटीचा एक कंडक्टर काकांच्या ओळखीचा होता, तो पुडा आणून द्यायचा. हे सगळं निवृत्तीपर्यंत सुरळीत चाललं. मग काकांचं ब्लडप्रेशर चढलं. डॉक्टरांनी खर्रा आणि कॉफी दोन्ही बंद सांगितलं. काका घरी येऊन म्हणाले, डॉक्टर स्वतः चहा पितो, त्याला काय कळतं. खर्रा अर्धा कमी करतो म्हणाले, कॉफीला हात लावायचा नाही म्हणाले, आणि वाचनालयात पेपर वाचायला निघून गेले.

काकू भांडल्या नाहीत. त्या कधीच भांडत नसत. त्या बाहेर ओट्यावर येऊन बसल्या, आणि तिथं भुरीबाई टोपली उतरवून बसली होती.

भुरीबाई दारव्हा रोडकडच्या तांड्यावरची. थोडी शेती, त्यात कापूस, आणि वर मोसमाप्रमाणे जे मिळेल ते गावात आणून विकायचं. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी भाजी, मग सीताफळं, मग डिंक, मग चारोळी. काकूंच्या वयाचीच असेल, पण आवाज दोन गल्ल्या ओलांडणारा. काकूंनी तिला काकांचं सांगितलं. तिनं विचार केला आणि आपल्या आईची गोष्ट सांगितली. तांड्यावर चहापत्ती संपली की तिची याडी तरोट्याच्या बिया काळ्या होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि पाण्यात उकळायची. लहान पोरं तोच चहा समजून प्यायची. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला माजतो तोच हा तरोटा. ढोरंही ज्याला तोंड लावत नाहीत तो.

पुढच्या खेपेला भुरीबाईनं बिया आणल्या. काका वाचनालयात गेले की काकू लोखंडी कढईत त्या भाजायच्या आणि कुटायच्या. वास असा खमंग सुटायचा की मी पहिल्या दिवशी भिंतीवरून डोकावले, आणि तेव्हापासून या कटात आहे. काकूंनी घाई केली नाही. पहिल्या आठवड्यात पावडरीत तरोटा चमचाभर, मग दोन चमचे. काकांना काही कळतंय का ते बघत बघत, तीन-चार महिन्यांनी फिल्टरमध्ये कॉफी औषधालाही उरली नाही. सगळा तरोटा. त्या सुमाराला एका सकाळी काकांनी पेला खाली ठेवला, डोळे उघडले आणि म्हणाले की आदिलाबादवाला आता सुधारला, पूर्वी चिकोरी फार टाकायचा. काकू काहीतरी आणायला म्हणून कोठीच्या खोलीत गेल्या. मी भिंतीपाशी होते. कोठीतून पदर तोंडात कोंबल्याचा आवाज येत होता.

प्रेशर उतरलं. काका डॉक्टरांना जाऊन म्हणाले, बघा, रोज दोनदा कडक कॉफी पितो आणि प्रेशर उतरलंय. डॉक्टरांना काकूंनी सगळं सांगून ठेवलं होतं. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, चालू ठेवा. इथपर्यंत ठीक होतं. पण काका गप्प बसणारे नव्हते. ते गल्लीतल्या प्रत्येक प्रेशरवाल्याला कडक कॉफी प्यायचा सल्ला देत सुटले, आणि काकूंना त्यांच्या मागोमाग घरोघरी जाऊन सांगावं लागलं की बाबांनो, ह्यांचं ऐकू नका. असं करता करता गल्लीतल्या सगळ्यांना कळलं. काकांसमोर मात्र कुणी बोललं नाही. इतका पक्का बंदोबस्त आमच्या गल्लीनं निवडणुकीतसुद्धा ठेवला नसेल.

राहिला एक प्रश्न. आदिलाबादचा पुडा तर येतच होता. तो थांबवला तर काकांना संशय येणार. डबा भरत चालला. टाकून देणं काकूंच्या हातून होणारं नव्हतं. एका दुपारी काका झोपले असताना त्यांनी मला खूण करून स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर फिल्टर होता. त्यांनी वरचं भांडं काढलं आणि खालचं पाणी दोन पेल्यांत ओतलं. पहिलं पाणी. वर गरम दूध, साखर. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मला ती कडू लागली, मग नाही लागली. काकूंनी एक घोट घेतला, मग दुसरा.

"सुमेधा, हे असं असते होय," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं त्यांनी ती रोज केली होती, दिवसातून दोनदा, आणि ती कशी लागते हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. मला फार राग आला. काकांचा आला, बंगलोरचा आला, माझ्या नवऱ्यानं काही केलं नव्हतं तरी त्याचाही आला. काकूंना राग आलेला दिसला नाही. त्यांनी आणखी थोडी ओतली.

भुरीबाईपासून कोण लपवणार? ती बिया घेऊन दुपारीच यायची. तिला आधी चहा मिळायचा तो बाहेर ओट्यावर, कान तुटलेल्या कपात. तो कप तिच्यासाठी वेगळा कोनाड्यात असे. आमच्याकडच्या घरांत अशा कपांबद्दल कुणी बोलत नाही आणि कप मात्र जागचा हलत नाही. त्या दिवशी तिनं खिडकीतून वास घेतला आणि विचारलं, "तुमी दोघी काय पिऊन राह्यल्या?" काकूंनी तिला आत बोलावलं आणि फळीवरच्या त्याच जोडीतला तिसरा पेला काढला. भुरीबाईनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, हे प्यायसाठी माणूस आदिलाबादले जाते काय म्हणाली, आणि पेला पुढं केला. कान तुटलेल्या कपात नंतर काकूंनी तुळशीच्या बिया ठेवल्या.

तेव्हापासून दुपारची ती वेळ आमची. काका घोरत असत, आणि तिघी जमिनीवर पाय पसरून पहिलं पाणी पीत असू. काकूंना मूलबाळ जगलं नाही, माहेर मुकुटबनचं, तेही आटलेलं. स्वतःचं म्हणावं असं त्यांच्याकडे फार काही नव्हतं. त्या कधी बोलल्या नाहीत, पण दुपार होत आली की त्यांचं घड्याळाकडे बघणं मी बघत होते. हा एक पेला त्यांचा होता.

कापसानं जिल्ह्याचं कंबरडं मोडलं ती हीच वर्षं. रोज पेपरात यवतमाळ. रस्त्यावर पांढऱ्या गाड्या, कॅमेरे, पथकं, अभ्यास करायला आलेली माणसं. लॉज भरले तेव्हा लोक घरातल्या खोल्या भाड्यानं देऊ लागले. भुरीबाई तांड्यावरच्या खबरा आणायची. रोज गाडी येते म्हणे, रोज नवा माणूस कापूस काहून पेरला म्हणून विचारते. "मी म्हनलं, मंग काय कॉफी पेरू काय?" आणि स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसायची. हसून झाल्यावर मात्र पेला धरून बसायची. तिच्याही वावरात कापूसच होता.

काकूंच्या गच्चीवरच्या खोलीत त्या वर्षी मुत्तण्णा राहायला आला. कोणत्या तरी संस्थेच्या पाहणीसाठी आलेला, पंचविशीचा, कर्नाटकातल्या कुर्गचा. सकाळी झरी नाहीतर ढाणकीच्या बसनं जायचा आणि संध्याकाळी धुळीनं माखून यायचा. दिवसभर लोकांना त्यांच्या बुडालेल्या शेतीबद्दल विचारून आल्यावर तो जेवत नसे. काकू त्याला बळंच खाली बोलावून भाकरी वाढायच्या. त्यानं एकदा त्यांना मोडक्या हिंदीत सांगितलं की त्याच्या घरीही शेती आहे, कॉफीची. काही वर्षांपूर्वी भाव इतका पडला की तोडणीची मजुरी निघेना. वडिलांनी पिकलेली फळं झाडावरच राहू दिली आणि ते महिनाभर बागेकडे फिरकले नाहीत. म्हणून तो इथं प्रश्न विचारताना खाली बघतो. काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे नेहमीसारखे नव्हते.

काका मात्र खूश. बंगलोरच्या बाजूचा माणूस घरात! त्यांनी त्याला पहिल्याच आठवड्यात कॉफीवर व्याख्यान दिलं. कॉफीच्या बागेत वाढलेल्या पोराला, खर्रा गालात ठेवून. तो जी अंकल, जी अंकल म्हणत राहिला. सुदैवानं तेव्हा त्याचं पोट बिघडलेलं होतं आणि तो काही पीत नव्हता. काकू ते पोट बरं होऊ नये म्हणून देवाला काही बोलल्या असतील तर मला माहीत नाही.

मग तो त्यांच्याकडच्या सुगीच्या सणाला घरी गेला आणि येताना एक कापडी पिशवी घेऊन आला. आत कॉफीची पावडर. बिया त्यांच्या बागेतल्या, आईनं घरच्या चुलीवर भाजलेल्या, हातयंत्रावर दळलेल्या. त्यानं ती दोन्ही हातांनी काकांना दिली. काकांनी जाहीर केलं की रविवारी सकाळी याची परीक्षा होईल.

रविवारी गल्लीतले दोघे-तिघे पेन्शनर खुर्च्यांवर येऊन बसले. मी पोहे द्यायला होते. अंगणात भुरीबाई सूप घेऊन तरोटा पाखडत होती, उघडपणे, कारण काकांनी ते काय आहे हे कधी विचारलंच नव्हतं. काकूंनी त्या पिशवीतल्या पावडरीचं पहिलं पाणी काढलं. स्वयंपाकघरात असा वास सुटला की मी आणि काकूंनी एकमेकींकडे पाहिलं. आदिलाबादचा पुडा याच्यापुढे काहीच नव्हता.

काकांनी खर्रा थुंकला, चूळ भरली, घोट घेतला, डोळे मिटले. सगळे थांबले. डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा कडू झाला होता.

"यात भेसळ आहे," ते म्हणाले.

मुत्तण्णाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. काकांनी त्याला हिंदीत समजावून सांगितलं. हल्ली बाजारात असंच मिळतं, चिंचोके टाकतात, काय काय टाकतात, तुम्ही भोळी माणसं फसता. तो हळूच म्हणाला की बाजारातून नाही आणली, आईनं भाजली आहे. मग बिया खोट्या असतील, काका म्हणाले. बिया आमच्या बागेतल्या आहेत, तो म्हणाला. कुणीही इथं थांबला असता. काका म्हणाले, मग बागेतच काहीतरी दोष असेल, म्हणूनच भाव मिळाला नसेल. आणि काकूंना हाक मारून सांगितलं की आपली नेहमीची आण, पोराला खरी कॉफी कळू दे.

काकूंनी आपली नेहमीची आणली. दुसरं काय करणार. मुत्तण्णानं घोट घेतला. त्याला पहिल्याच घोटाला कळलं, ते मी बघितलं. त्यानं पेल्यात पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. त्यानं आणखी एक घोट घेतला. मग म्हणाला, "अच्छी है, अंकल. हमारी वाली को रास्ते में हवा लग गई होगी." आणि पिशवी उचलून गुंडाळायला लागला.

झालं होतं. काही करायची गरज नव्हती. पोरानं सगळ्यांची अब्रू झाकली होती, काकांची, काकूंची, आमच्या दुपारचीसुद्धा. काकूंनी फक्त आत जायचं होतं. मी मनात म्हणत होते, जा काकू, आत जा. त्यांनी पोराच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. आईनं तोंड शिवून दिलेलं होतं, लाल दोऱ्यानं; उसवलेला दोरा अजून लोंबत होता.

"भेसळ तिच्यात नाही," काकू म्हणाल्या. "ती खरी आहे. तुमचीच खोटी आहे. तरोटा आहे तो."

काका हसले. पेन्शनर हसले नाहीत, आणि त्यामुळे काकांचं हसू थांबलं. काकूंनी सगळं सांगितलं, डॉक्टरांपासून कढईपर्यंत, आवाज न चढवता. मग त्या मुत्तण्णाकडे वळल्या आणि म्हणाल्या की तुझ्या आईला सांग, अशी कॉफी या घरात पहिल्यांदा झाली. मी त्याला हिंदीत सांगितलं. त्यानं मान खाली घातली.

आम्हाला वाटलं काका आता ओरडणार. ते ओरडले नाहीत. ते हिशेब जुळवत होते. काका नेहमी छापील मराठी बोलत, पण त्या क्षणी त्यांच्या आतला दारव्ह्याचा पोरगा बाहेर आला.

"आन मंग माही पावडर कुठी गेली?"

 पेन्शनरांना हे माहीत नव्हतं, त्यांनीही माना वळवल्या. काकूंनी पदर सारखा केला. उत्तर अंगणातून आलं. भुरीबाईनं सूप खाली ठेवून सांगितलं, "आमी पिली, भाऊ. तिघी. रोज दुपारी."

काकांनी आमच्याकडे पाहिलं, एकीकडून दुसरीकडे. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "पहिलं पाणी?"

"पहिलं," काकू म्हणाल्या.

तरोट्यानं जे झालं नव्हतं ते यानं झालं. काका खुर्चीतून उठले, आत गेले, पावडरीचा डबा उचलला आणि खात्याच्या फायली असतात त्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. पेन्शनर पोहे अर्धे टाकून निघाले. त्या दिवसापासून काकांनी घरात काही प्यायचं सोडलं. दत्त चौकातल्या टपरीवर जाऊन चहा पिऊ लागले, जन्मभर ज्याला गटाराचं पाणी म्हटलं तो. फिल्टर ओट्यावर पालथा पडून राहिला. मुत्तण्णानं जाताना पिशवी काकूंच्या हातात दिली होती; ती त्यांनी फळीवर ठेवली, पुन्हा उघडली नाही. मी म्हटलं, ही तर तुम्हाला दिली आहे, करा की. त्या म्हणाल्या, चोरून केली तेव्हा केली, आता सांगून टाकलं ना. दुपारी आम्ही तिघी चहा पीत होतो. भुरीबाईसुद्धा हळू बोलायची. काकू चहा संपवायच्या, पेला विसळायच्या, आणि मला म्हणायच्या की चहाही चांगलाच असतो. मला ते ऐकवत नव्हतं.

पुढचं मला काकूंनीच सांगितलं. एका दुपारी त्या आडव्या झाल्या होत्या आणि काकांनी कपाटातून डबा काढून, स्वतःच्या हातानं, आयुष्यात पहिल्यांदा, फिल्टर लावला. आदिलाबादची अस्सल कॉफी, पहिलं पाणी. अर्धा पेला पिऊन त्यांनी मोरीत ओतली. चवच आवडेना. वर छातीत धडधड सुरू झाली, ते संध्याकाळपर्यंत झोपाळ्यावर नाडी धरून बसले. काकूंनी काही विचारलं नाही, नुसतं पाणी आणून दिलं आणि कोठीच्या खोलीत जाऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वयंपाकघराच्या दारात आले आणि कॅलेंडरकडे बघत म्हणाले की ते आपलं नेहमीचं कर. काकूंनी विचारलं, नेहमीचं म्हणजे कोणतं? काका म्हणाले, तेच ते. काकू म्हणाल्या, तेच ते म्हणजे? असं बराच वेळ चाललं. मी भिंतीपाशी कपडे वाळत घालत होते, ते आधीच वाळलेले होते. शेवटी काका म्हणाले, "तरोटा." स्पष्ट, छापील मराठीत. काकूंनी केला. काका प्यायले, बरी आहे म्हणाले, आणि उठताना कपाटाची किल्ली पेल्याशेजारी ठेवून गेले.

त्याच आठवड्यात भुरीबाई आली तेव्हा काका अंगणात उभे राहून बिया तळहातावर घेऊन बघत होते. काळ्या जमिनीतला तरोटा चांगला की बरड जमिनीतला? भाजणी थोडी वाढवली तर? बंगलोरला अशी भाजणी करत नाहीत, पण करायला हवी. भुरीबाई गंभीरपणे हाव, भाऊ म्हणत राहिली. आत येऊन काकूंना म्हणाली की आता ह्या मानसाच्या तोंडाले तांड्यावरही बंदोबस्त लागीन.

आम्ही चहाला बसणार होतो. पातेलं ठेवायला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्याशी काका. बनियन, खांद्यावर टॉवेल, आणि समोर फिल्टर. या वेळी ते झोपलेले असायला हवे होते. लाल दोऱ्याची पिशवी उघडलेली होती. त्यांनी दूध तापवलं, ते थोडं उतू गेलं, आणि ते पुसायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तीन पेले भरले. पहिला भुरीबाईपुढे ठेवला, ती पाहुणी म्हणून. दुसरा माझ्यापुढे. तिसरा काकूंपुढे. स्वतःच्या हातात तरोट्याचा.

"पहिलं पाणी आहे," ते म्हणाले. आणि गेले नाहीत. पेला हातात धरून तिथंच उभे राहिले, काकूंच्या तोंडाकडे बघत.

काकूंनी घोट घेतला. डोळे मिटले. आम्ही सगळे थांबलो. काका थांबले. ओट्यावरून दूध ठिबकत होतं. काकूंनी डोळे उघडायला जितका लावता येईल तितका वेळ लावला, आणि मग म्हणाल्या, "बरी आहे."